जोडीचा नमुना

वहिनी प्रयोगशाळेच्या दाराशी येऊन उभी राहिली, तेव्हा बेबीच्या हातात पिपेट होतं आणि प्लेटमधल्या अर्ध्या खळग्यांत थेंब सोडायचे बाकी होते. असं काम मधेच टाकून उठता येत नाही. तिने काचेतूनच ‘थांब’ अशी खूण केली. वहिनी मान हलवून बाहेरच्या बाकावर जाऊन बसली. लॉन्ड्रीतला निळा एप्रन तिने काढलासुद्धा नव्हता. म्हणजे जेवणाच्या सुट्टीत आली होती, आणि जेवली नव्हती.

बेबी म्हणजे काही लहान मूल नव्हे. पंचेचाळिशी उलटली होती, केस कानशिलांवर पांढरे झाले होते, आणि हॉस्पिटलात सगळे तिला मॅडम म्हणत. पण चार भावंडांत शेंडेफळ म्हणून जे नाव पडलं ते पडलं. कधी घरचं कुणी येऊन कॉरिडॉरमध्ये “बेबी” अशी हाक मारायचं, तेव्हा नवखे विद्यार्थी वळून पाळणा शोधायचे.

तिचं काम असं : डोक्याला मार लागून आलेल्या माणसाचं रक्त घ्यायचं, ते यंत्रात गरगर फिरवून लाल गाळ खाली बसवायचा, आणि वर राहिलेल्या पिवळसर पाण्यात काही ठरावीक प्रोटीनं किती आहेत ते मोजायचं. अंगाला कुठेही इजा झाली की सूज येते आणि सुजेबरोबर ही प्रोटीनं रक्तात वाढतात. मेंदूला मार बसला तरी तेच होतं. मेंदू कवटीत बंद. बारीकसारीक इजा स्कॅनमध्येही दिसत नाही. मग ती रक्तात उमटते का, कुणाचं रक्त बघून ‘याला जपा, हा लवकर बरा व्हायचा नाही’ असं सांगता येईल का, हे शोधायचं चाललं होतं. वर्षानुवर्षं चाललं होतं. उत्तर हाताशी आलंसं वाटायचं आणि पुढच्या नमुन्यांत निसटून जायचं. बेबीला आताशा त्याचा रागही येत नसे. थकवा यायचा. सकाळी उठल्या उठल्या यायचा आणि मग दिवसभर सोबत असायचा.

प्लेट झाकून, हातमोजे काढून ती बाहेर आली.

“काय गं, काय झालं?”

“काही नाही. रोजचंच.”

“रोजचंच म्हणजे?”

“काल रिमोट फोडला. परवा माझ्यावर असे ओरडले की खालच्या मजल्यावरचे गृहस्थ चौकशीला वर आले. आज सकाळी अंथरुणात बसून रडत होते. झालं? ऐकलंस? आता मी कशाला आले ते सांगते.” वहिनीने एप्रनची गाठ उगाचच सोडून पुन्हा बांधली. “तू रक्त बघून सांगतेस ना, डोक्याच्या आत इजा आहे की नाही? यांचं बघ.”

“वहिनी, ते तसं नसतं. आम्ही पुष्कळ लोकांचं रक्त घेतो, सगळ्यांचं मिळून बघतो. एकट्यादुकट्याचं बघून…”

“ते मला कळणार नाही आणि समजावूही नकोस. मला एकच सांग. हा माणूस आजारी आहे की वाईट आहे? आजारी असेल तर मी करीन. जन्मभर करीन, तोंडदेखलं म्हणत नाहीये. पण वाईटच असेल तर मी का करू? कुणासाठी करू?”

वहिनीने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, “चल, मालक बोंबलेल,” म्हणाली आणि जिना उतरून गेलीसुद्धा.

दादा मोटार चालवायला शिकवायचा. घाबरट, धांदरट, डावं-उजवं न कळणारी, दुसऱ्या ड्रायव्हिंग शाळांनी हात टेकलेली माणसं शेवटी त्याच्याकडे यायची. सिग्नलवर गाडी बंद पडायची, मागे हॉर्नचा कल्लोळ उठायचा, शिकणारा घामाघूम व्हायचा. दादा मात्र दोन्ही हात मांडीवर ठेवून बसलेला. “घाई कुणाला आहे? मला तर नाही,” म्हणायचा. घरीही तसाच. आईची कायमची तक्रार असे, याला रागच येत नाही, उद्या कुणी घर उचलून नेलं तरी हा म्हणेल, ‘जरा सावकाश, कोपरा लागेल.’

मग एका सकाळी मागून आलेल्या टेंपोने त्याच्या थांबलेल्या गाडीला धडक दिली. त्याचं डोकं दाराच्या चौकटीवर आपटलं. शिकाऊ बाईला खरचटलंही नव्हतं. त्यानेच उतरून तिला पाणी पाजलं, रस्त्याच्या कडेला बसवलं, धीर दिला. हॉस्पिटलात स्कॅन झाला, स्वच्छ निघाला, डोकेदुखीच्या गोळ्या घेऊन तो घरी आला. सगळ्यांनी हुश्श केलं.

नंतर हळूहळू दादा बदलत गेला. उजेड सोसेना. ताटावर चमचा वाजला तरी अंगावर काटा यायचा. बोलता बोलता साधे शब्द हरवायचे आणि ते सापडेनात म्हणून तो समोरच्यावर उखडायचा. कामावर परत गेला, तर एका मुलीने चुकीचा गिअर टाकला म्हणून त्याने तिच्या हातावर फटका मारला. शाळेचा मालक त्याचा जुना दोस्त. तोच गाडीने घरी सोडायला आला आणि म्हणाला, “आराम कर. बरा झालास की ये.” त्यालाही वर्ष उलटून गेलं. स्कॅन पुन्हा काढला. पुन्हा स्वच्छ.

स्वच्छ स्कॅनचा अर्थ ज्याने त्याने आपापल्या सोयीने लावला. आईने लावला तो असा, की मुलाला काही झालेलं नाही, सूनच त्याला नीट वागवत नाही.

बेबीने सरांपुढे विषय काढला. सर म्हणजे त्यांच्या विभागाचे प्रमुख. मोठ्या पदाचा माणूस, पण स्वतःचा डबा स्वतः धुणारा, आणि तिच्याइतकाच दमलेला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून डोळे चोळले.

“मार लागून वर्ष झालेल्यांचा गट आहे आपला. त्यात घेता येईल त्यांना. पण तुम्ही रक्त काढायचं नाही, नावं तुम्हाला कळणार नाहीत, आणि निकाल त्यांना सांगायचा नाही. नियम सगळ्यांना एकच.”

“हो, सर.”

“आणि जोडीचा नमुना लागेल.”

जोडीचा नमुना म्हणजे त्याच घरातल्या धडधाकट माणसाचं रक्त. अन्न तेच, हवा तीच, फक्त डोक्याला मार नाही. दोघांची तुलना केली की मारामुळे पडलेला फरक तेवढा उरतो, अशी त्यामागची कल्पना.

“निकाल सांगायचा नाही म्हणालात. पण काही भलतंच निघालं तर?”

“नेहमीच्या तपासण्यांत काही भलतंच निघालं, तर मी नाव उघडतो आणि त्या माणसाला कळवतो. तेवढं करावंच लागतं.”

सुट्टीच्या दिवशी बेबी भावाकडे गेली. पडदे ओढलेले होते, घरात भर दुपारी संध्याकाळ होती. आई स्वयंपाकघरात स्टुलावर बसून हळू आवाजात सुरू झाली. तिला हळू बोलायची सवय नव्हती, त्यामुळे ते कुजबुजणं बाहेर ओरडण्यासारखंच ऐकू जात होतं.

“ही दिवसभर दुकानात. आली की तोंड पाडून बसते. पुरुषमाणूस घरात एकटा बसून वैतागणार नाही तर काय होईल? दोन शब्द गोड बोलायला काय जातं?”

वहिनी ओट्याशी पाठमोरी उभी होती. ती वळली नाही. चिरत होती ते चिरत राहिली. मग तिच्या हातून झाकण निसटलं आणि फरशीवर गरगरत राहिलं.

आतल्या खोलीतून दादा धावतच आला. “किती वेळा सांगितलं! किती वेळा! मुद्दाम करता तुम्ही! मुद्दाम!” त्याने ते झाकण उचललं आणि भिंतीवर मारलं. आवाज आणखी मोठा झाला, तसा तो कानांवर हात दाबून खाली उकिडवा बसला. आई म्हणाली, “बघ, पाडलंस ना!” आणि हे ती सुनेला म्हणाली.

वहिनीने झाकण उचललं, पुसलं, जागेवर ठेवलं.

थोड्या वेळाने दादा गच्चीच्या जिन्यात सावलीला बसलेला बेबीला सापडला. ती त्याच्या खालच्या पायरीवर बसली.

“लागलं का कुणाला?” त्याने विचारलं.

“नाही.”

“मला आधी कळतं, बेबी. येतंय, येतंय, हे कळतं. जसा ब्रेक दाबावा आणि पाय थेट तळाला जावा, तसं होतं. पुढे भिंत दिसत असते.”

बेबीने मग रक्ताचं सांगितलं. सगळं नीट, काही न लपवता. त्याने ऐकून घेतलं.

“आणि काहीच नाही निघालं तर?”

“निकाल कळणारच नाही तुला.”

“तुला कळेल ना. तुझ्या तोंडावरून मला कळेल. लहानपणापासून कळतं. काहीच नाही निघालं, तर मग हा मीच, नाही का? आतापर्यंत निदान म्हणता येतं, डोक्याला लागलंय. ते गेलं की उरलो मी. बायकोवर ओरडणारा.” तो थांबला. शब्द शोधत असावा, किंवा नसावा. “हिला बरं वाटेल का, मी रक्त दिलं तर?”

“काहीतरी केल्यासारखं वाटेल.”

“मग देतो. तेवढं तरी.”

ठरलेल्या सकाळी दोघं आले. दादाने काळा चष्मा लावला होता आणि कानांत कापसाचे बोळे घातले होते. बेबी नियमाप्रमाणे दूर, दाराबाहेर उभी राहिली. नर्सने वहिनीला विचारलं, “ताई, तुम्हाला काही आजार? ताप, दुखणं, औषधं?”

“छे! मी ठणठणीत.”

“तुमचा जोडीचा नमुना आहे.”

“आमच्याकडे एक नमुना होताच,” वहिनी बाही वर करत म्हणाली, “आता दोन झाले.”

दादाच्या कापसातूनही ते गेलं असावं. त्याच्या ओठाचा कोपरा किंचित हलला. बेबीला आठवलं, ही दोघं पूर्वी एकमेकांना हसवत असत. कुणाच्या लग्नात त्यांच्या शेजारी बसायची सोय नसायची.

पुढे त्या नळ्या फ्रीजरमध्ये गेल्या आणि इतर नळ्यांबरोबर रांगेत थांबल्या. त्यांची पाळी आली त्या दिवशी बेबीने नेहमीसारखंच काम केलं. नावं नव्हती, नळ्यांवर नुसते आकडे आणि तारखा होत्या. पण त्या आठवड्यात दोघंच रक्त देऊन गेले होते, त्यामुळे कुठल्या दोन नळ्या घरच्या हे न कळायला ती काही दूधखुळी नव्हती. दोघांतली कुठली कुणाची, तेवढं मात्र कळत नव्हतं. शेवटचं रसायन घातलं की खळगे पिवळे होतात. जितकं प्रोटीन जास्त तितका पिवळा गडद. त्या दोन खळग्यांतला एक फिकट राहिला. दुसरा बघता बघता हळदीसारखा झाला.

बेबी स्टुलावर बसली. मग उठून हात धुवायच्या खोलीत गेली, नळ सोडला आणि रडली. आनंदाने रडली. दादा आजारी होता! खराखुरा आजारी होता, वाईट नव्हता. आईला दाखवता येईल. वहिनीला सांगता येईल. पुढच्याच क्षणी तिला स्वतःची लाज वाटली. भावाच्या अंगात एवढी सूज निघाली म्हणून आपण हसतो आहोत, हे आरशात स्पष्ट दिसत होतं. तरी तिने नियम बाजूला ठेवून वहिनीला फोन लावला. वहिनीने तो उचलला नाही. दुकानात गर्दी असणार.

दुसऱ्या दिवशी सरांनी तिला बोलावलं. त्यांच्यासमोर कागद होता आणि चष्मा परत कपाळावर गेलेला.

“तो एक नमुना फार वर गेलाय. नेहमीची सुजेची तपासणीही हॉस्पिटलच्या लॅबमधून तशीच आलीये. कुठेतरी जंतुसंसर्ग असणार. म्हणून मी नाव उघडलं.” ते जरा घुटमळले. “तुमच्या घरचा आहे.”

“मला वाटलंच होतं, सर. दादाचा.”

“नाही. जोडीचा.”

बेबीला आधी अर्थच लागला नाही. जोडीचा म्हणजे धडधाकट. जोडीचा म्हणजे ज्याच्याशी तुलना करायची तो.

“तुमच्या वहिनींना कळवायला हवं. मी फोन करू, की तुम्ही जाता?”

“मी जाते.”

“आपल्या हिशेबातून तो नमुना आता बाद करावा लागेल,” सर म्हणाले, मग स्वतःच्याच बोलण्याने ओशाळल्यासारखे झाले. “आज परत येऊ नका. घरी जा तिकडून.”

लॉन्ड्रीत वाफ कोंदली होती. मोठी इस्त्री फुसफुसत उघडझाप करत होती आणि वहिनी काउंटरमागे कुणाच्या तरी कोटाला चिठ्ठी टाचत होती. बेबीला पाहताच तिच्या हातातली टाचणी तशीच राहिली.

“यांना काही झालं?”

“नाही. तुझं रक्त… तुझ्या रक्तात गडबड आहे, वहिनी.”

“माझ्या?” वहिनी हसली. मोठ्याने हसली, आतल्या इस्त्रीवाल्याने डोकावून पाहिलं. “अगं, चुकून नळ्या बदलल्या असतील तुमच्या. डोकं यांचं आपटलंय!”

“नाही बदलल्या. तुला कुठे दुखतंय का?”

“कुठे दुखत नाही ते विचार.”

“वहिनी, खरंच सांग.”

वहिनीने टाचणी टाचण्यांच्या उशीत खोचली. मग गिऱ्हाईक कुणी नाही असं बघून खिडकीकडे तोंड केलं आणि गालात बोट घालून दाखवलं. आतली हिरडी लालभडक फुगलेली होती, दाढ काळी पडलेली, आणि जवळ गेल्यावर वास येत होता.

“हे केव्हापासून?”

“थंडी होती तेव्हा सुरू झालं.”

आता घरोघर पंखे लागले होते.

“आणि गेली नाहीस कुणाकडे?”

“कधी जाऊ? सांग ना, कधी? सकाळी यांचं आवरून इथे, इथून घरी. दातवाल्याकडे गेले की दोन तास बसवून ठेवतात. तोवर घरी यांचा आणि आईंचा खटका उडालेला असतो. गोळी घेते दुखलं की. एका बाजूने खाते.” तिचा आवाज चढला, मग एकदम खाली आला. “नर्सने विचारलं तेव्हा आठवलं होतं मला. पण म्हटलं, सांगितलं तर मला घेणार नाहीत आणि यांचंही राहून जाईल.”

बेबी काउंटरच्या अलीकडे उभी होती. पलीकडे जायचं दार कुठे आहे ते तिला दिसेना. शेवटी तिने कोटावरूनच हात पुढे करून वहिनीचं मनगट धरलं. ते गरम होतं. तापच होता तिला, बारीक, अंगात मुरलेला.

दंतवैद्याने बघितल्याबरोबर विचारलं, “आजवर उभ्या कशा राहिलात?” पू जबड्याच्या हाडाशी पोचला होता. दाढ काढली, चीर दिली, भारी औषधं दिली आणि आठवडाभर सक्तीची विश्रांती सांगितली. सक्तीची म्हणजे काय, असं वहिनीने गाल धरून विचारलं. तेव्हा बेबीनेच परस्पर ठरवून टाकलं, की वहिनी आपल्या बहिणीकडे जाईल आणि दादाकडे आपण राहू. रजा तिने कित्येक दिवसांत घेतली नव्हती. सरांना कळवलं, तर ते म्हणाले, “फ्रीजर पळून जाणार नाहीत.”

बेबीला वाटलं होतं, आपल्याला हा विषय ठाऊक आहे. विषय ठाऊक होता. घर ठाऊक नव्हतं. नळ जोरात सोडायचा नाही, खुर्ची उचलून ठेवायची, फोन गादीखाली ठेवायचा, वर्तमानपत्र दुमडताना आवाज करायचा नाही. दादाला एका वेळी एकच गोष्ट विचारायची, आणि उत्तर येईपर्यंत दुसरी विचारायची नाही. एवढं सगळं पाळूनही एका दुपारी त्याचं बिनसलं. बेबीने औषधाची पट्टी कचाकच मोडली, एवढंच निमित्त. तो तिला नाही नाही ते बोलला. तुझं लग्न टिकलं नाही म्हणून आमच्या घरात येऊन बसलीस, असंही म्हणाला. मग दार आपटून घेतलं, आणि त्या आवाजाने स्वतःच आत कळवळला.

बेबीने गोळ्यांची पट्टी खाली ठेवली. आई समोरच्या खुर्चीत होती. आज बोट दाखवायला सून घरात नव्हती.

“तुला असं बोलला?” आई म्हणाली. “तुला? तुला तर तो कडेवर घेऊन फिरायचा.”

“हो.”

“रोज असंच असतं?”

“तूच इथे राहतेस, आई. तू सांग.”

आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत आणि सोडत राहिली. संध्याकाळी तिने बेबीला वहिनीचा फोन लावून द्यायला सांगितलं. लागल्यावर काय बोलावं ते तिला कळेना. “जेवलीस का?” तिने विचारलं. मग, “गिळता येतं का?” मग, “बरं,” आणि फोन परत दिला. माफीबिफी काही नाही. पण त्यानंतर तिने सुनेचं नाव घेऊन कुरकुर केली नाही, निदान बेबीच्या कानावर तरी नाही.

वहिनी यायच्या आदल्या दिवशी दादाने विचारलंच. तो अंधाऱ्या खोलीत आडवा होता, ती दाराशी बसून कपड्यांच्या घड्या घालत होती. हे काम बिनआवाजाचं.

“हिच्या रक्तात सूज निघाली. मग माझ्या नाही निघाली. असंच ना?”

“मला तुझा निकाल माहीत नाही.” हे नियमाला धरून होतं. खोटंही होतं. ती जरा थांबली. “असंच.”

“हं.”

“दादा, ऐक. वर्ष झालं. इतक्या दिवसांनी पुष्कळांचं रक्त निवळतं. पाय मोडला तर सूज आधी उतरते, पण म्हणून माणूस धावायला लागत नाही. सूज दिसली नाही म्हणजे इजा नाही, असं म्हणायला आमच्याकडे काही आधार नाही.”

“आणि इजा आहे म्हणायला?”

“तोही नाही.”

“म्हणजे तुमच्या मशीनला मी कळलोच नाही.”

“नाही कळलास.”

“मग इतकी वर्षं तुम्ही करता काय तिथे?”

हे त्याने रागाने विचारलं नाही, खरंच जाणून घ्यायचं होतं. बेबीने हातातल्या उशीच्या अभ्र्याकडे पाहिलं. “कळेल म्हणून करतो,” ती म्हणाली. “पुढच्या कुणाला तरी लवकर कळेल. तुला नाही.”

तो कुशीवर वळला. “तुला परवा मी काय बोललो ते मला आठवतंय. नाही आठवत असं वाटत असेल तुला, पण आठवतं.”

“असू दे.”

“असू दे काय. मी आहे तो कसाही असलो तरी बोललो मीच. हिलाही मीच बोलतो. रक्तात काही निघालं असतं तरी बोललो मीच असतो.” त्याने उशीत तोंड घातलं. “ती डोक्याला मार लागलेल्यांना शिकवणारी बाई आहे म्हणालीस ना तुमच्याकडे, तिथे नाव घाल माझं. मागे नको म्हणालो होतो. राग यायच्या आधी खोलीतून उठून जायचं कसं, एवढं शिकवलं तरी पुष्कळ.”

बेबीने नाव घातलं. पुढे तो जाऊ लागला. कधी जमायचं, कधी नाही. मोटार शिकवायला तो परत गेला नाही. उठून जायला मात्र शिकला. बोलता बोलता ताडकन उठायचा आणि गच्चीच्या जिन्यात जाऊन बसायचा, आणि घरातले त्याच्यामागे जात नसत. आई कुणी आलं-गेलं तर सांगायची, “त्याच्या डोक्याला मार लागलाय.” कुणी तिला पुरावा विचारला नाही. अभ्यासाचा शोधनिबंध छापून आला त्यात शेवटी एक ओळ होती, की जोडीचा एक नमुना संसर्गामुळे वगळला. बेबीने ती ओळ तपासून बरोबर असल्याची खूण केली होती.

पण हे सगळं नंतरचं. वहिनी बहिणीकडून परत आली तो दिवस साधाच होता. दुपार होती. दादा झोपला होता, आई आत जप करत होती की डुलक्या घेत होती कोण जाणे. वहिनीने चपला हातात घेऊन दार ढकललं. गालाची सूज उतरली होती आणि चेहरा अनोळखी, जरा तरुण वाटत होता. बेबीने आवाज न करता चहा केला. दोघी बाहेरच्या खोलीत बसल्या.

“कशी आहेस?”

“झोपले,” वहिनी म्हणाली. “नुसती झोपले. बहीण म्हणाली, जेवायला तरी ऊठ.” तिने चहाचा घोट दोन्ही गालांत फिरवून पाहिला. “मग? काय निघालं शेवटी यांचं?”

“काही कळलं नाही, वहिनी. आजारी आहे असं रक्त म्हणत नाही. नाही असंही म्हणत नाही.”

वहिनीने मान डोलावली. वाईट वाटलं की सुटल्यासारखं वाटलं, तिच्या तोंडावरून काही समजेना.

“बसमध्ये बसले ना येताना,” ती म्हणाली, “तेव्हा वाटलं, उतरावं. परत जावं. दोन दिवस आणखी राहिले तर कोण विचारणार आहे.”

“मग उतरायचं होतंस. मी होते की इथे.”

“खिडकीची जागा मिळाली होती.”

बेबीला हसू आलं, ते तिने ओठ दाबून आवरलं. वहिनीने पाय वर घेतले, डोकं सोफ्याच्या हातावर टेकवलं, “दोनच मिनिटं,” म्हणाली, आणि कप हातातच धरून डोळे मिटले. बेबीने तो कप अलगद काढून घेतला. आपलं सामान भरायचं होतं, उद्या कामावर जायचं होतं. पण उठलं तर खुर्ची करकरली असती. ती तिथेच बसून राहिली.